काच

निपाणीच्या दवाखान्यात सोमवारी
एकशे बारा केसपेपर,
त्यातले नव्वद नायट्याचे.
नव्वद नायटे पाहिलेला डोळा
एक्याण्णवाव्यालाही नायटाच म्हणतो,
कागदावरून मान वर न करता.

मीही तेच लिहिलं होतं मार्चमध्ये:
फुलव्वा घस्ते, वय त्रेपन्न, काम विड्या वळणे.
अक्षर माझं. सही माझी.

ऑगस्टात ती परत आली.
पदराच्या गाठीत सहा ट्यूबा, पिळून चपट्या,
चार मेडिकलवाल्याच्या, दोन माझ्या.
नर्सला म्हणाली, कडी लाव.
मग कमरेपाशी लुगडं जरा खाली सरकवून,
भिंतीशी बोलल्यासारखं,
"नाडीचा काच असंल म्हनत्यात समदी."

नऊ वर्षांचा काच?

खाजतं?
"न्हाई."
दुखतं?
"न्हाई."
मी लिहीतच होते. तेव्हा तिनं
बहिऱ्या माणसाला सांगावं तसं
सावकाश, कन्नडमध्ये सांगितलं:
"कडित इल्ल. नोवू इल्ल."

तेच नाही दुसऱ्या भाषेत ऐकलं
आणि माझं पेन थांबलं.

नायटा झोपू देत नाही.
हा तर गप्प बसून सरकत आलेला,
वर्षाला बोटभर.
पुढची कड तांबडी, दाणेदार, जागी,
आणि मागे सोडलेल्या जागेवर
भिजवून वाळलेल्या विडीच्या पानासारखी
पातळ, चुरगळलेली कातडी.

कापसाची वात फिरवली.
डोळे मिटून ती प्रत्येक स्पर्शाला "हां" म्हणाली.
एकही चुकली नाही.
मग छताकडे बघत,
"त्यो रोग न्हाई न्हवं?"
कुठला, ते दोघींनीही उच्चारलं नाही.
मी म्हटलं, तो नाही.
तिच्या पोटातून श्वास बाहेर पडला
तो मला टेबलापलीकडून ऐकू आला.

मग मी काच घेतली,
रक्ततपासणीच्या ट्रेमधली साधी पट्टी,
आणि चट्ट्यावर दाबली.
लाली ओसरली. पांढऱ्यात उरले
चार-पाच ठिपके.

पुस्तकात लिहिलंय, सफरचंदाच्या जेलीचा रंग.
मी ती जेली कधी खाल्लेली नाही.
परीक्षेत लिहिली, मार्क घेतले;
आमच्या वर्गात कुणीच खाल्ली नव्हती.
मला दिसली ती काकवी.
संकेश्वरच्या गुऱ्हाळात मामा पळी वर धरायचा,
तिच्या ओठावर लोंबणारा, अजून न पडलेला थेंब
आतून पेटल्यासारखा तपकिरी.

चार मिलिमीटरचा तुकडा काढला.
बाटलीवर नाव दोनदा लिहून
बेळगावला पाठवला.
अकरा दिवस लागले.
तोवर रोज दुपारी
मार्चपासूनचे माझे नायटे
रजिस्टरात उलटे मोजत बसले.

क्षय. कातडीचा.

"टीबी? मला तर खोकला न्हाई."
खोकला नसलेला टीबी समजावून सांगता सांगता
मीच दोनदा अडखळले.
"मग नाव काय म्हनायचं ह्याला?"
जुन्या लॅटिन नावात एक लांडगा आहे.
तोच सांगितला.
"लांडगा?" ती नर्सकडे वळली, "तोळ अंत!"
आणि हसली, माझ्यासमोर पहिल्यांदा.
"आमच्या धनगराचं मेंढरू एका रातीत न्हेलं त्यानं.
माझ्या अंगाला नऊ वर्सं चाटतच बसला व्हय?"

याला उत्तर नव्हतं.
गोळ्या लिहिल्या, सहा महिने.
लघवी तांबडी होईल, भिऊ नका.
बरं वाटलं म्हणून मध्येच सोडू नका.
मार्चच्या पानावर "नायटा" या शब्दावर
एकच रेघ मारली,
खालचं वाचता येईल अशी.

पुढचा आला. मानेवर चट्टा,
बसायच्या आधीच कराकरा खाजवत.
नायटाच होता.
तरी काच लावून पाहिली.